चरित्रकोशाचे चार डबे

कोश घरात नाही हे नंदकुमारला रविवारी सकाळी कळलं, तेही रुचिराचा फोन आला म्हणून. रुचिरा एका प्रकाशनात संपादक होती.

"काका, बुधवारी येते मी कार्डं न्यायला. माणिकताईंचा कोश या वर्षी काढायचा असं ठरलंय. बुधवार चुकला तर मात्र तो यादीतून जाईल. मग पुन्हा घेतील असं वाटत नाही मला."

"ये की. सगळं तयार आहे," नंदकुमार म्हणाला. फोन ठेवून त्याने कपाट उघडलं. कपाटात एकच डबा होता.

माणिक, त्याची बायको, शाळेच्या ग्रंथालयात होती. मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या माणसांचा चरित्रकोश ती बारा वर्षं करत होती. एका माणसाला एक कार्ड. नाव, जन्मतारीख, गाव, पुस्तकं. कागदाला कसर लागते म्हणून कार्डं स्टीलच्या डब्यांत. घरच्या डब्यांत डाळी होत्या, म्हणून शेजाऱ्यांकडून आलेले आणि परत द्यायचे राहिलेले डबे तिने वापरले.

तिला जाऊन सात महिने झाले होते. चौथ्या महिन्यात नंदकुमारने स्वयंपाकघर आवरलं. डब्यांवर नावं कोरलेली होती. दुसऱ्याची वस्तू घरात नको, म्हणून ज्याचा डबा त्याला त्याने नेऊन दिला. डबे जड लागले होते. पण माणिक रिकामा डबा कधी परत देत नसे. काहीतरी घालून ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. झाकण उघडून बघायचा धीर झाला नव्हता.

असे तीन डबे गेले होते. म्हणजे 'क'पासून 'ह'पर्यंतचे सगळे लेखक आणि चित्रकार कांजूरमार्गच्या एकाच सोसायटीत वाटले गेले होते.

तो आधी दुसऱ्या मजल्यावर शिवदासकडे गेला. शिवदास हौसेने पत्रिका बघायचा.

"अरे, मला वाटलं वहिनींनी मुद्दाम माझ्यासाठी ठेवलंय!" शिवदास म्हणाला. "एवढ्या जन्मतारखा एका जागी मिळाल्यावर सोडतो होय? प्रत्येकाच्या मागे कुंडली मांडलीये."

"प्रत्येकाच्या?"

"बारा राहिल्यात. चित्रकारांचा शुक्र बघ, झकास! लेखकांच्या शनीने मात्र वाट लावलीये यार. आणि हा बघ, याला यंदा परदेशप्रवास आहे."

"शिवा, तो जाऊन तीस वर्षं झाली रे."

"हो? मग लवकर गेला तो."

कार्डं त्याने राशीप्रमाणे लावली होती. नंदकुमार दुपारभर त्याच्या जमिनीवर बसून ती पुन्हा अकारविल्हे लावत होता. निघताना शिवदासच्या बायकोने कार्डं पिशवीत भरली आणि डब्यात चिवडा. "डबा रिकामा कसा देऊ, भावोजी?"

चौथ्या मजल्यावरची गार्गी विक्रोळीच्या एका शाळेत शिकवायची.

"काका, तुम्ही शाळेसाठी दिलंत असं आईला वाटलं. मी वर्गात वाटली कार्डं. एका मुलाला एक."

सोमवारी नंदकुमार विक्रोळीला गेला. गार्गीने वर्गाला कार्डं परत मागितली. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "हे माझे लेखक आहेत. मला पाठ आहेत ते."

"अगं, पण ते पुस्तकात छापायचेत."

"मग मी काय करू?"

शेवटी असं ठरलं की प्रत्येकाने आपलं कार्ड वहीत उतरवून घ्यायचं आणि मगच परत द्यायचं. त्यात सोमवार गेला आणि मंगळवारची दुपार झाली. सगळी कार्डं आली. तीन लेखकांना लोणच्याचा डाग लागला होता. गार्गीच्या आईने डब्यात लाडू भरून दिले.

मंगळवारी संध्याकाळी तो शेवटच्या दारात उभा राहिला. चंद्रप्रकाश राऊळ, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, कार्डं लगेच आणून दिली. झाकणाच्या आत माणिकने नावांची यादी चिकटवली होती. नंदकुमार ताडून बघू लागला आणि एका नावाशी थांबला.

"चंदू, तू कोशात आहेस?"

"असेन. पूर्वी एका मासिकात ससे काढायचो."

"मग तुझं कार्ड कुठाय?"

"हरवलं. जाऊ दे ना. मला प्रसिद्धीची आवड नाही."

सोसायटीच्या प्रत्येक बाकावर याच माणसाने स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं.

"अहो, द्या ते," सुगंधावहिनी आतून ओरडल्या. "कॅरम बोर्डाच्या मागे खोचलंय ना!"

चंद्रप्रकाशने कार्ड काढून दिलं आणि तो पंखा पुसू लागला. नंदकुमारने जन्मतारीख वाचली. मग बोटांवर मोजलं. गणपतीत सोसायटीची कॅरम स्पर्धा व्हायची. 'साठीच्या आतले' या गटात चंद्रप्रकाश सलग पाच वर्षं पहिला होता, आणि नंदकुमार सलग पाच वर्षं दुसरा.

"तू सहासष्ट वर्षांचा आहेस?"

"हळू बोल रे."

"काय हळू बोल? दुसऱ्या नंबरला सहा ग्लास देता तुम्ही. तीस ग्लास झालेत माझ्याकडे!"

"नंदू, तारीख तेवढी गाळ ना."

"तारीख गाळली तर त्याला चरित्रकोश म्हणतात का?"

रागाने त्याने कार्ड उलटं केलं. मागे माणिकचं बारीक अक्षर होतं, पेन्सिलीचं. 'तारीख सुगंधाकडून मिळाली. नंदूला सांगू नये. भांडेल.'

नंदकुमारने ते दोनदा वाचलं आणि तो हसायला लागला. खूप हसला. सुगंधावहिनी पाणी घेऊन आल्या.

"तिला माहीत होतं?"

"चार वर्षांपूर्वीच. मी म्हटलं, तक्रार कर. तर म्हणाली, राहू दे गं, पहिल्या नंबरचा कप घेऊन काय करायचं? आमच्याकडे पाहुणे फार. ग्लास लागतातच."

वहिनींनीही कार्डं पिशवीत घातली आणि डब्यात नारळाच्या वड्या भरल्या.

बुधवारी रुचिरा आली. तिने एक कार्ड उलटं करून पाहिलं.

"काका, या कुंडल्या?"

"त्या छापू नकोस. जन्मतारखा सगळ्या छाप, एकही सोडू नकोस. पण पुस्तक गणपतीनंतर काढ."

"का?"

"एका माणसाला आधी बोर्डावर हरवायचंय."

ती कार्डं घेऊन गेली. चिवडा, लाडू आणि वड्या आठवड्याभरात संपल्या. तिन्ही डबे घासून ओट्यावर ठेवले आहेत. नंदकुमारला फक्त चहा येतो, आणि चहा डब्यातून देता येत नाही. डबे परत द्यायचे राहिले आहेत.