चंद्रीला सांगितलेलं

आमच्या शेजारचे किसनआबा घरात कुणाशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते गाईला सांगतात. गोठा घराला लागूनच, मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे निरोप पोचतो. "चंद्रे, आज कालवनात मीठ लई झालं व्हय गं?" असा सवाल गोठ्यातून येतो, आणि त्यांची सून अश्विनी स्वयंपाकघरातून उत्तर देते, "चंद्रे, आबांना सांग, मीठ रोजच्यावानीच हाय. जीभ म्हातारी झालीय." चंद्री रवंथ करत दोन्ही बाजू ऐकून घेते. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, पुष्कळ सभांना बसलो. इतका निःपक्षपाती अध्यक्ष पाहिला नाही.

प्रवराकाठच्या आमच्या गावात माणसाची पत दुधाच्या फॅटवर ठरते. आबा तर सगळं जगच फॅटवर मोजतात. गेल्या ऑगस्टात ग्रामपंचायतीपुढे स्तनपान सप्ताह साजरा झाला. फ्लेक्सवर अकरा फोटो, अकराही पुरुषांचे. पाहुणे मातृत्वावर पाऊण तास बोलले. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांची पोरं भुकेनं रडत होती, आणि एवढ्या पुरुषांसमोर त्यांना पदराखाली घ्यायची सोय नव्हती. अश्विनीही त्यांत होती, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी घेऊन. शेवटी आबा उभे राहिले. "सायेब, वासरं हंबराया लागली. आता सोडा त्यांना."

सभा सुटली. घरी येताना आबा मला म्हणाले, "भाषन लांब हुतं गुरुजी, पन फॅट न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीच्या मंगलताई काटा घेऊन दारात आल्या. "आबा, महिनाभरात पोरीचं वजन वाढलेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही. पोटाला कमी पडतंय. अश्विनीला अंगणवाडीतून पौष्टिक पिठाची पाकिटं मिळतात, ती कुठं जातात?"

"चंद्रीला," आबा अभिमानानं म्हणाले. "सुनंला चव आवडंना, मग मी पेंडीत कालवतो. सरकारचं काम चांगलं हाय ताई. फॅट वाढली."

योजना शेवटच्या घटकापर्यंत पोचली होती. फक्त तो घटक चार पायांचा निघाला.

मंगलताई हसल्या नाहीत. "आणि चंद्रीचं दूध?"

"डेअरीला."

"आणि अश्विनी काय पिते?"

आबांनी दाराकडे पाहिलं. "कोरा च्या," अश्विनी आतून हळूच म्हणाली.

"पहाटे गाईसाठी घास कापायचा, शेण काढायचं, धारा काढायच्या. तोवर लेकरू रडून रडून झोपी जातं," ताई म्हणाल्या. "सारखं पाजलं तरच दूध येतं, आबा. आयाबाया म्हणतायत, बाटली लावा. मी म्हणते, आठ दिवस हिला पोटभर खाऊ द्या आणि पोरीजवळ बसू द्या. तरी वजन वाढलं नाही, तर संगमनेरला दवाखान्यात ठेवावं लागेल."

आबांची बायको कधीच वारलेली. मुलगा दुधाच्या टँकरवर, निम्मा आठवडा बाहेर. आणि असल्या गोष्टी सासऱ्यानं सुनेशी बोलायच्या नसतात. त्या दुपारी मी कुंपणापलीकडून पाहत होतो. आबा चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. संध्याकाळी मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज लागला.

"चंद्रे, ऐक. उद्यापसून घास मी कापनार. धारा बी मीच काढनार. लेकरू रडलं की हातातलं काम टाकायचं आन् त्याला घ्यायचं, दिवसा, राती, कवाबी. पाकिटातलं पीठ तुला बंद. ते तुपात भाजायचं, गूळ घालून खायाचं. सकाळचं तांब्याभर दूध घरात ऱ्हाईल. डेअरीवाला बोंबलू दे."

पत्र्यापलीकडून अश्विनीचा आवाज आला, "चंद्रे, आबांना म्हनावं, बरं."

सत्तरीच्या माणसाला विळा जड जातो. आबा घासाच्या वाफ्यातून कमरेवर हात ठेवून परतायचे. चंद्रीला अश्विनीच्या हाताची सवय, तिनं पहिल्याच दिवशी लाथ मारून बादली उलथवली. आबा बादली सरळ करून पुन्हा धारेला बसले. डेअरीवर कुणी दूध कमी का म्हणून विचारलं, तर सांगायचे, "घरी गिऱ्हाईक लागलंय."

आठव्या दिवशी ताईंनी पोरीला काट्याच्या झोळीत ठेवलं. आबा पाठ फिरवून ओट्यावर बसले होते.

"वाढलं, आबा! दोनशे ग्रॅमच्या वर!"

आबा उठले आणि गोठ्यात गेले. मी अभिनंदन करायला मागोमाग गेलो. फॅटवर एक विनोदही तयार ठेवला होता, तो तसाच राहिला. आबा चंद्रीकडे पाहत नव्हते. ते माझ्याशी बोलत होते.

"गुरुजी, सुनंच्या सासूला तीन पोरं झाली. एकानंबी बाळसं धरलं न्हाई. डेअरीचं माप मात्र आमी कदी चुकवलं न्हाई. ती कोरा च्या पिऊन वैरनीला जायची. जेवलीस का, येवढंच इचारायचं हुतं मला. घरात समदी मानसं असायची. न्हाई जमलं."

काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी घसा खाकरला.

"हळू बोला गुरुजी," आबा म्हणाले. "आत पाजतीय ती."