नानांची गाडी थांबेना

गाडी घ्यायची असेल तर आधी मला विचारा! असं मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत इतक्या वेळा म्हटलं होतं, की लोक खरंच मला विचारायला लागले होते. माझ्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण घरात गाड्यांच्या मासिकांचा ढीग होता आणि खालच्या मजल्यावरच्यांची बंद पडलेली स्कूटर मी एकदा लाथ मारून सुरू केली होती. त्या एका लाथेवर माझी कीर्ती उभी होती!

ही कीर्ती माझ्या सासऱ्यांपर्यंत, म्हणजे मढच्या नानांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पोचवली मीच. नानांचे दोन ट्रॉलर समुद्रात असायचे, पापलेटचं नशीब फळफळलेलं होतं, आणि अख्ख्या मुंबईला तेव्हा नव्या गाड्यांचं वेड लागलं होतं. जो तो छोट्या, डबीसारख्या गाडीच्या मागे. नाना म्हणाले, "डबीत आमी काय सुकट भरू? मला मानसं बसतील अशी गाडी पायजे."

तशी गाडी त्याच वर्षी आली. मयूरा डिलक्स! लांब नाक, चौकोनी दिवे, मागे वेगळी डिकी, आत पाच माणसं मांडी घालून बसतील अशी ऐसपैस. आणि एवढं धूड असून कंपनी म्हणत होती, लिटरला सोळा किलोमीटर!

"कंपनी काय वाट्टेल ते म्हणेल, नाना," मी म्हणालो. "ते मी शास्त्रशुद्ध तपासतो. तुम्ही फक्त बाजूला बसा."

"अहो, रविवारी शकुला बघायला गोराईची माणसं येणारेत," माझी बायको कमळ म्हणाली. "दुसरा दिवस नाही का मिळत तुम्हाला?"

शकु ही कमळची धाकटी बहीण. गोराईच्या रामचंद्रशेठच्या मुलाने, धर्माने आणि तिने एकमेकांना कधीच पसंत करून टाकलं होतं. "आम्ही ठरवलं" असं म्हणण्याचं काम तेवढं दोन्ही बापांसाठी राखून ठेवलेलं. अडचण एकच होती. रामचंद्रशेठ म्हणजे मानपानाचा माणूस! एका लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीत बसवलं, तर ते हात धुऊन थेट होडीत जाऊन बसले होते.

"उलट रविवारच बरा," मी म्हणालो. "पाहुणे दारात, आणि नाना नव्याकोऱ्या गाडीतून उतरतायत! काय झकास दिसेल!"

नानांचे डोळे चमकले. संपलं. ठरलं.

रविवारी सकाळी नाना, कमळ आणि मी अंधेरीच्या शोरूमला हजर. तिथला सेल्समन शिवदास, टाय घातलेला, इतका नम्र की गाडीलासुद्धा "आपण" म्हणेल असा. तो म्हणाला, "साहेब, एक फेरी मारून आणतो."

"फेरी नको. एक लिटरची टेस्ट!" मी म्हणालो.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. गाडीच्या टाकीची नळी काढायची, तिथे एक लिटर पेट्रोलने भरलेल्या बाटलीची नळी लावायची, आणि निघायचं. गाडी जिथे आपोआप बंद पडेल तिथे किलोमीटर वाचायचे. मध्ये थांबायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही. मग टाकीची नळी पुन्हा लावायची आणि घरी जायचं. सोपं! मासिकात चित्रासकट दिलं होतं.

"मी लावतो नळी," शिवदास बॉनेट उघडत म्हणाला.

"तुम्ही नाही! कंपनीच्या माणसाचा हात लागला की आकडा फुगतो. तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा."

बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी बाही वर सरकवली. आत नळ्याच नळ्या! चित्रात एकच होती. पण नाना बघत होते, कमळ बघत होती. मी एक नळी खसकन उपटली, बाटलीची नळी तिथे खोचली आणि बाटली बॉनेटच्या आत दोरीने बांधून टाकली.

"चला! सोळा म्हणजे मार्व्याच्या आसपास कुठेतरी थांबेल. पुढे टाकीवर घर."

शिवदास चाकावर, नाना त्याच्या शेजारी, आम्ही दोघं मागे. गाडी निघाली. काय सांगू, लोण्यावरून सुरी! गोरेगाव आलं, मालाड आलं. मार्वे रोडला वळलो तसा मी कान टवकारून बसलो. आता इंजिन खोकणार, आता धापा टाकणार. मार्वे आलं. इंजिन गुणगुणत होतं!

"अजून चालते रं!" नाना म्हणाले.

"चालू दे, चालू दे!"

अक्सा गेलं. एरंगळ गेलं. मी सीटच्या अगदी टोकावर. किलोमीटरचा आकडा कंपनीचा दावा कधीच मागे टाकून पुढे पळत होता. नाना हातावर हात चोळत म्हणाले, "जावयबापू, ही गाडी नाय, ही वाऱ्यावर चालनारी होडी हाय!"

मध्येच शिवदासने काचेवरची धूळ घालवायला पाण्याची कळ दाबली. काचेवर बारीक धार उडाली आणि गाडीत वास पसरला.

"साहेब, पेट्रोलचा वास येतोय..." तो हळूच म्हणाला.

"नवीन गाडीला वास असतोच! बोलू नका, आवाजाकडे लक्ष द्या."

आणि मढ आलं. घर दिसलं. घराच्या ओट्यावर गोराईची मंडळी! पांढरी टोपी घातलेले रामचंद्रशेठ, शेजारी धर्मा, आणि सासूबाई पाण्याचे पेले घेऊन दारात. सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. रामचंद्रशेठ हसून उठून उभे राहिले. शिवदासने ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नका!" मी ओरडलो.

"आँ?" नाना.

"नाना, आत्ता थांबलो तर सगळं फुकट! पुन्हा अंधेरीपासून सुरुवात!"

अंधेरी ऐकल्यावर नाना दचकले. गाडी घरासमोरून सुळ्ळकन पुढे गेली. नानांनी खिडकीतून हात काढून ओरडून सांगितलं, "बसा, शेठ, बसा! आलोच!"

पुढे देवळाला वळसा घातला की तोच रस्ता पुन्हा घरासमोर येतो. आम्ही आलो. रामचंद्रशेठ अजून उभेच होते.

"चा घ्या, शेठ! चा..." नाना पुढे गेले.

तिसऱ्या वेळी ते सासूबाईंना म्हणाले, "नानी, त्यांना पोहे..." आणि पोहे मागे राहिले.

"अहो, थांबवा ती गाडी!" कमळने माझा दंड असा चिमटला की माझंच इंजिन खोकलं. "काय म्हणत असतील ते लोक!"

"कौतुक करत असतील! एवढा ॲव्हरेज देशात कुठल्या गाडीला नाही. थोडंच राहिलंय गं. आता थांबेलच!"

पण ती थांबेना! मला आता घाम फुटला होता. आयुष्यात प्रथमच कुणी माणूस गाडी बंद पडावी म्हणून देवळाला प्रदक्षिणा घालत असेल. देवळापाशी जाळी विणत बसलेली म्हातारी माणसं दर फेरीला आम्हाला हात जोडायला लागली. त्यांना वाटलं नवस आहे!

पुढच्या फेरीला ओट्यावर हसू नव्हतं. रामचंद्रशेठनी पेला खाली ठेवला होता. त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"गाडी दाखवतंय आमाला! दारात बसवून गाडी दाखवतंय! चला रं, उठा!"

आणि शकु गाडीच्या बाजूने पळायला लागली. नवी साडी, केसात अबोली, एका हाताने निऱ्या धरलेल्या.

"भावोजी! थांबवा ना गाडी! ते चालले!"

"अगं, एकच मिनिट, ॲव्हरेज..."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. डोळे भरून आले होते, आणि पळता पळता ती मागे राहिली. खोटं कशाला सांगू, तोपर्यंत मला फक्त आकडा दिसत होता.

"शिवदास, थांबवा," मी म्हणालो.

"थांबव रं!" नाना गरजले. "जाऊ दे ती मोजनी! माझी पोरगी रडते!"

शिवदासने ब्रेक मारायच्या आधीच गाडी खोकली. एकदा, दोनदा, आणि गचके देत उभी राहिली. तीही कुठे? गावाबाहेर जाणाऱ्या अरुंद चढावर, बरोबर वळणात, आडवी!

नाना उतरून पळाले. पण पाहुणे मार्व्याच्या बसमध्ये चढलेसुद्धा होते. बस निघाली, वीस पावलांवर आमच्या आडव्या गाडीपाशी आली आणि थांबली. ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवला तो काढेचना.

"काय घर बांधताय काय रस्त्यात?" कंडक्टर दारातून ओरडला.

"एक सेकंद! आता टाकीची नळी लावतो!" मी बॉनेट उघडलं. बाटली पाहिली आणि मेंदूच बंद पडला.

बाटली भरलेली! अगदी गळ्यापर्यंत! वरून जेमतेम बोटभर कमी.

शिवदास माझ्या खांद्यावरून डोकावला. तो इतक्या नम्रपणे खाकरला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, आपण काच धुण्याच्या पाण्याची नळी काढलीत. गाडी टाकीवरच चालत होती. शोरूमच्या गाडीत पेट्रोल थोडंच घालतात, ते आता संपलं."

"म्हंजे मोजलं काय आपन?" नानांनी विचारलं.

शिवदास टाय सरळ करायला लागला.

"हरकत नाही!" मी घाईघाईने म्हणालो. "हेच पेट्रोल टाकीत ओतू! बघा, देव कसा..." असं म्हणत मी बाटली ओढून काढली. हात घामाने निसरडे झालेले. बाटली सुटली, रस्त्यावर फटकन फुटली, आणि पेट्रोल चढावरून खाली वाहत थेट बसच्या चाकांखाली गेलं. ड्रायव्हरने तोंडातली विडी अशी विझवली की बहुतेक गिळलीच!

नानांच्या मागच्या पडवीत डिझेलची पिंपं रचून ठेवलेली, पण ती ट्रॉलरसाठी. पेट्रोलचा थेंब अख्ख्या गावात नाही. पंप थेट मालाडला.

"ढकला मग!" कंडक्टर म्हणाला. "सगळे खाली उतरा, त्याशिवाय बस हलत नाही!"

अशा रीतीने रामचंद्रशेठना बसमधून उतरावं लागलं. ते आमच्याकडे न बघता उभे राहिले, हाताची घडी घालून. नाना, मी, शिवदास, कंडक्टर, सगळे जोर लावत होतो आणि ते नवं धूड जागचं हलत नव्हतं. धर्मा मात्र कधीच येऊन डिकीला खांदा लावून उभा होता.

"सुकाणूला हलकं मानूस बसवा!" नाना ओरडले. "शकु, तू बस!"

शकु आत जाऊन बसली. नाक लाल, अबोली विस्कटलेली. धर्मा चटकन डिकीवरून तिच्या खिडकीपाशी आला.

"तिकडून काय ढकलतंस रं?" रामचंद्रशेठना राहवेना. "मागून लाव जोर! आणि तुमी नाना, पाठीने लावा, पाठीने! होडी कंदी वाळूत ढकलली नाय काय?"

"ढकलली! तुमच्या बापासोबत ढकलली, गोराईला!"

"मग इसरलात काय?"

टोपी काढून त्यांनी कमळच्या हातात दिली आणि नानांच्या शेजारी पाठ लावली. दोन म्हातारे पाठीला पाठ नाही, पण खांद्याला खांदा लावून, "हैया हो" करत. गाडी हलली!

"मी गाडी दाखवत नव्हतो, शेठ," नाना धापा टाकत म्हणाले. "ह्यो आमचा जावय... थांबूच देत नव्हता..."

"कलला मला. तोंडावरनंच कलतंय... हैया हो... त्याच्या."

"होळी झाल्यावर करू काय मग?"

"करू. आधी ह्यो चढ तर जाऊ द्या!"

खिडकीतून शकु आणि धर्मा एकमेकांकडे बघत होते. दोघांचंही लक्ष रस्त्याकडे नव्हतं, त्यामुळे चढ संपताच गाडी तिथल्या नानांच्याच वाडीच्या कुंपणात शिरली. बस निघून गेली. पाहुणे नाही गेले. सासूबाईंनी सकाळचे पोहे परत गरम केले.

रामचंद्रशेठ पहिल्या पंगतीत, मधल्या पाटावर बसले. मी वाढत होतो. शिवदासलाही बसवलं. टाय खांद्यावर टाकून तो भरलेलं पापलेट असं खात होता, की या गाडीचा खरा फायदा त्यालाच झाला असं मला वाटलं.

होळीनंतर लग्न झालं. नानांनी गाडी घेतली नाही, तिसऱ्या ट्रॉलरचा विचार करायला लागले. मीही तो विषय काढायचं टाळत होतो. पण रामचंद्रशेठचा माझ्यावर राग राहिला नाही, हे मला एकदा कळलं. लग्नानंतर एका संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन थेट मुलुंडला आमच्या घरी आले! माझी छाती फुगली. कमळने चहा टाकला.

"येत्या रविवारी धर्मासाठी गाडी बघायला जातंय," ते म्हणाले. "तुमाला काय काम?"

"छे, छे! मोकळाच आहे! दिवसभर!"

"घरीच हाव ना?"

"घरीच! तुम्ही म्हणाल तेव्हा..."

"बरं झालं," रामचंद्रशेठ चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाले. "मग घरीच ऱ्हावा. तेवढंच सांगाया आयलो व्हतो."