रुईवरचं भयंकर जनावर

एका जंगलात सगळं वजनावर ठरत असे. तराजू कुणी आणला नव्हता, डोळ्यांनाच दिसायचं. सभेत आधी हत्ती आप्पासाहेब बोलायचे. मग गवे, मग सांबरं, मग रानडुकरं. सशांची पाळी येईपर्यंत सभा उठलेली असायची, कारण तोवर सगळ्यांना भूक लागायची.

मुलांनो, हसू नका. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकाला शेवटचं कधी विचारलं होतं, ते आधी आठवा.

त्या जंगलात कुंदा नावाची एक चिचुंद्री होती. तिची पाळी सशांच्याही नंतर. त्यातून ती लाजाळू, आणि नजरेनं अधू. बोटभर अंतरापलीकडचं सगळं तिला धुक्यात असल्यासारखं दिसायचं. पण त्या बोटभर अंतरात तिनं जे पाहिलं होतं, ते जंगलात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. मुंगी पुढच्या पायांनी मिशा कशी विंचरते, हे तिला ठाऊक होतं.

तळ्याकाठी रुईची झुडपं होती. त्यांतल्या एका पानाच्या पाठीला फुलपाखराचं अंडं चिकटलेलं होतं. खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं, अंगावर उभ्या रेघा. कुंदा रोज सकाळी जाऊन ते पाहून यायची. आणखीही पानांवर अशी अंडी होती. तिनं सगळी शोधून ठेवली होती.

अशात आप्पासाहेबांनी तळ्याचं सुशोभीकरण काढलं. रुई उपटायची, जमीन सपाट करायची आणि बसायला दगडी बाकं टाकायची. गुरुवारी काम सुरू.

कुंदानं आयुष्यात पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं. रुईवर अंडी आहेत, असं ती म्हणाली. आप्पासाहेब मनानं चांगले होते. ते स्वतः तळ्यापर्यंत चालत गेले, वाकले आणि पानाकडे एका डोळ्यानं बराच वेळ पाहत राहिले.

"पोरी, मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "आता मलाच दिसत नाही म्हटल्यावर ते असणार कसं? पण तुझ्यावर अन्याय नको. गुरुवारपर्यंत फोटो आण."

जंगलात कॅमेरा नव्हता. तेव्हा तो घ्यायचं ठरलं आणि निवड समिती नेमली गेली. जंगलातल्या सगळ्यांत लहान वस्तूचा फोटो काढायचा असल्यामुळे समितीवर जंगलातले सगळ्यांत मोठे सभासद घेतले. आप्पासाहेब आणि बळवंतराव गवे. सल्ल्याला वानर मास्तर, कारण त्यांना सगळ्यातलं कळायचं. कुंदा मागून चालत गेली.

दुकान मुंगूसशेठचं. आप्पासाहेबांनी एकेक कॅमेरा सोंडेत धरून तोलून पाहिला. हलके होते ते बाजूला ठेवले. त्यांत काय असणार? बळवंतरावांनी विचारलं, किती लांबचं दिसतं. पलीकडच्या डोंगरावरचं हरीण काय चघळतंय तेही दिसतं, असं शेठनं सांगितलं. वानर मास्तरांनी मेगापिक्सेल किती ते विचारलं, आकडा ऐकून मान हलवली आणि मग तोच आकडा आप्पासाहेबांना पुन्हा सांगितला.

शेवटी दुधीभोपळ्याएवढ्या लेन्सचा एक कॅमेरा सर्वांना पसंत पडला.

"शेठ," खालून कुंदा म्हणाली, "यानं किती जवळ जाता येतं?"

शेठला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "दहा पावलं मागं उभं राहायचं, ताई. त्याच्या आत चित्र पुसट येतं."

"दहा पावलं कुणाची?"

"आप्पासाहेबांची."

आपल्याला जवळूनच काढायचाय, असं कुंदा म्हणाली. वानर मास्तरांना तिची कीव आली. "अगं, जवळून तर कुणालाही दिसतं. त्याला कॅमेरा कशाला?"

मोठ्या कॅमेऱ्यावर शेठनं एक छोटा कॅमेरा फुकट दिला. त्याचा एक कोपरा चेपला होता आणि एका बटणावर फुलाचं चित्र होतं. मास्तरांनी ते चित्र निरखलं आणि हे बटण हारतुऱ्याच्या समारंभांसाठी असतं, असा खुलासा केला. समारंभाचे फोटो मोठ्या कॅमेऱ्यानंच काढायचे ठरलेले असल्यामुळे छोटा कुंदाला मिळाला.

बुधवारी उजाडताच ती रुईखाली गेली. अंड्याचं टोक काळं पडलं होतं. आतलं डोकं कवचातून दिसत होतं. फुलाचं बटण खरं तर फुलाइतक्या जवळून फोटो काढायचं होतं. तिनं ते दाबलं आणि बोटभर अंतरावर गेली.

पहिल्या फोटोत तिच्या मिशा आल्या. दुसऱ्यात तिचीच सावली. तिसऱ्या वेळी वारा आला आणि पान हललं. मग तिनं कॅमेरा दगडावर टेकवला, सावलीतल्या अंड्यावर उजेड पडावा म्हणून समोर एक पांढरी पाकळी उभी केली आणि श्वास रोखून बसली. कवच फुटलं. अळीनं डोकं बाहेर काढलं, सगळी बाहेर आली, मागं वळली आणि कवच खाऊ लागली.

कुंदानं बटण दाबलं.

गुरुवारी दोन सागांच्या मध्ये पांढरा कपडा ताणून त्यावर फोटो दाखवले. आधी मोठ्या कॅमेऱ्याचा. डोंगरावरचं हरीण काय चघळतंय ते खरंच स्पष्ट दिसत होतं. गवत. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुंदाचा फोटो लागला. कपडाभर एक काळं तुळतुळीत डोकं. जबड्यात फाटलेली भिंत. अंगावर केस, भाल्यांसारखे.

रानडुकरं दोन पावलं मागं सरकली.

"हे कुठं राहतं?" आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

"रुईवर."

"केवढं आहे?"

"तांदळाच्या दाण्याहून लहान, आप्पासाहेब."

"तिची नजर अधू आहे," वानर मास्तर त्यांच्या कानाशी कुजबुजले.

"खरंच की," आप्पासाहेब हळहळले. "आणि पोरी, हे खातंय काय?"

"ज्यातून बाहेर आलं, ते स्वतःचं घर."

"स्वतःचं घर खाणारा आमचं सोडेल काय?" बळवंतराव म्हणाले, आणि हळूहळू आप्पासाहेबांच्या मागं जाऊन उभे राहिले.

सुशोभीकरण त्याच क्षणी रद्द झालं. रुईभोवती काटेरी कुंपण घालायचं ठरलं, आणि शंभर पावलांच्या आत कुणी जायचं नाही, असं ठरलं. पावलं आप्पासाहेबांची.

ते एवढं मोठं नाही, हे सांगायला कुंदानं तोंड उघडलं. एकदा सांगून झालंच होतं. तिनं कपड्याकडे पाहिलं. तिला तिथे नुसतं धुकं दिसलं. तिनं तोंड मिटलं.

त्या वर्षी रुईवर खूप अळ्या झाल्या. आप्पासाहेब तळ्याच्या पलीकडच्या काठावर पाणी प्यायला येत, तेव्हा लांबूनच सोंड उचलून झुडपाला नमस्कार करत आणि पोराबाळांना आवाज करू नका म्हणून दटावत.

तात्पर्य : लहानांवर दया करा, असं मोठ्यांना सांगत बसू नये. लहानांचा फोटो मोठा करून लावावा. आणि नेहमी खरं बोलावं, पण एकदाच. दुसऱ्यांदा बोललं तर कुणीतरी ऐकण्याची भीती असते.