वराहनिरीक्षकाचं चरित्र

थोर पुरुष जन्मावा लागतो; बाकीचं त्याच्या बायकोने बाळ झोपल्यावर लिहावं लागतं.

माझे यजमान एसाहेल व्हिटलॉक वकील आहेत, सैनिक आहेत, आणि मंगळवारच्या गावसभेने कौल दिला तर कनेक्टिकटच्या विधिमंडळात जाणार होते. आधी दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडलेल्याला आमच्याकडे पुन्हा कोणी उभं करत नाही. तेव्हा चरित्र छापून वाटायचं ठरलं, आणि घरात शाई मीच उकळते (अक्रोडाच्या सालीची), म्हणून लेखनही माझ्याकडे आलं.

"अगं थँकफुल, खरंच लिही," ते म्हणाले, "पण जरा उंचावरून."

उंचावरून लिहिलं. 'कॅप्टन व्हिटलॉक यांनी इंग्रजांवर चौसष्ट शिपाई नेले आणि चौसष्टच्या चौसष्ट सुखरूप परत आणले.' यात एक अक्षर खोटं नाही. (वाटेत त्यांनी प्रत्येकाचं मृत्युपत्र करून दिलं. पोचले तेव्हा लढाई संपून दोन दिवस झाले होते.) कॅप्टन म्हणून त्यांना तुकडीनेच निवडलं होतं. त्याचे निकष तीन: घोडा, आवाज आणि रमचं पिंप. पहिले दोन नसले तरी चालतं.

एक पद मात्र मी गाळलं. त्या वर्षी लग्न झालेल्या नवऱ्यांना आमची गावसभा हसतहसत वराहनिरीक्षक नेमते. काम, मोकाट डुकरं पकडणं. यजमानांनी हे पद कायदेशीरपणे भूषवलं. डुकरांच्या मालकांना नोटिसा दिल्या, पंधरा दिवसांची मुदत दिली, मग स्मरणपत्रं. मुदत डुकरांनी मक्यात काढली. शेवटी मी, सातवा महिना सरत आलेला, एप्रन फडकावत एकतीस डुकरं एकटीने कोंडवाड्यात घातली. असलं काही थोर पुरुषाच्या चरित्रात शोभत नाही.

मंगळवारी आमच्या तान्ह्या मेहिटेबलला कडेवर घेऊन मी सभागृहाच्या दाराशी उभी होते. (बाईला मत नाही, पण दार आहे.) चरित्र वाचलं गेलं. लढाईच्या ओळीला सगळे खोकले. निम्मी सभा त्याच तुकडीतली. यजमानांचे कान लाल झाले. मी बाळाच्या टोपड्यात तोंड लपवलं. बुडवला मी माझा माणूस!

तेवढ्यात लोहार झेडॉक उठला.

"वकीलसाहेब, लढाई राहू द्या. आम्ही होतो तिथे. म्हणजे, नव्हतोच." हशा. "पण माझा मका कुणामुळे वाचला? एकतीस डुकरं! आणि चरित्रात एक ओळ नाही! लेको, याला म्हणतात विनय!"

अठ्ठ्याण्णव विरुद्ध एकेचाळीस.

घरी आल्यावर यजमानांनी टोपी खुंटीला अडकवली.

"अगं, डुकरं तर तू... सभेत बोलली का नाहीस?"

"बाईला बोलायची मुभा आहे का, अहो?"

"नाही. तो कायदा मी बदलेन."

"आधी हिचं दुपटं बदला."

बदललं. तीन टाचण्या लागल्या आणि एक त्यांनाच टोचली, पण बदललं.

दुसऱ्या आवृत्तीत डुकरं त्यांच्या नावावर घातली आहेत. माझी तक्रार नाही. लढाईच्या ओळीला तुम्ही हसलात, तेही योग्यच. पण सात महिन्यांच्या गरोदर बाईने नुसता एप्रन फडकावून एकतीस डुकरं एकटीने हाकलली, हे तुम्ही एकही साक्षीदार न मागता मान्य केलंत.

तीही ओळ मीच लिहिली आहे.