अन् पडलं कोन?

आमच्या वानखडेसाहेबांना कुठलीही आनंदाची बातमी सांगू नये. सांगितलीत, की ते मान तिरकी करून चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात आणि एकच प्रश्न विचारतात, "अन् पडलं कोन?"

भारत क्रिकेटची मॅच जिंकला, तरी हेच. कोणाच्या मुलाला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं, तरी हेच. आमच्या कंपनीला शेतांवर पंप बसवण्याचं मोठं काम मिळालं, तेव्हा आमचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः हलव्याचा डबा घेऊन ऑफिसात आला. त्यालाही साहेबांनी आपल्या अकोल्याच्या हिंदीत विचारलं, "अच्छा हुआ अर्बाब, लेकिन हारा कौन?" अर्बाबने डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. या माणसाला कंपनीत मीच आणलंय असं त्याला का वाटतं, कोण जाणे. मी मुकाट्याने हलवा खाल्ला.

वानखडेसाहेब इलेक्ट्रिकल इंजिनियर. ओमानमधल्या या खाबुऱ्यात त्यांना बावीस वर्षं झाली. ते पंपांची पॅनेलं बघतात, मी स्टोअर बघतो. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, ते वर आणि आम्ही खाली. त्यांची बायको मुलाच्या कॉलेजसाठी म्हणून नागपूरला गेली. मुलाचं कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी ती दोघं तिकडेच आणि हे इकडेच. त्यामुळे त्यांच्या सगळ्या संध्याकाळी मोकळ्या, आणि त्या ते आमच्याकडे आणून ओततात.

माणसाला काहीतरी नाद असावा, माझं काही म्हणणं नाही. कोणी पत्ते खेळतो, कोणी शुक्रवारी गळ घेऊन समुद्रावर बसतो. वानखडेसाहेबांना नाद आहे तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांचा. पडलेल्यांचाच. "जिंकलेल्यायचे पुतळे हायेत," ते म्हणतात, "त्यायले माही काय गरज?" लाल बांधणीच्या तीन जाडजूड वह्यांत त्यांनी पहिल्या निवडणुकीपासूनचे सगळे पडलेले उतरवून ठेवलेत. दोन मोठ्या पक्षांचे तर आहेतच, पण ज्यांना त्यांच्या गल्लीतही कोणी ओळखत नसेल असेही आहेत. दारू बंद करा, एवढंच म्हणणारा एक पक्ष. मांस खाऊ नका म्हणणारा दुसरा. अमेरिकेत! तिथे जाऊन लोकांना मांस सोडायला सांगायचं आणि वर मतं मागायची!

नावं त्यांनी मला शंभरदा सांगितली असतील, माझ्या एकही लक्षात राहिलेलं नाही. बोलताना तेही नावं घेत नाहीत, घरच्या माणसांसारखा उल्लेख करतात. 'तीनदावाला' म्हणजे तीनदा उभा राहून तीनदा पडलेला. 'तुरुंगवाला' कोठडीत बसून निवडणूक लढला आणि तरी लोकांनी त्याला लाखांनी मतं दिली. 'पेपरवाला' पेपरात जिंकला आणि मोजणीत पडला. 'बाई' उभी राहिली तेव्हा तिच्या देशात बायकांना मताचा हक्कच नव्हता. "सोताले मत देता येत नाही अन् उभी हाये!" हे सांगताना ते टेबलावर अशी थाप मारतात की माझे नटबोल्ट डब्यात उड्या मारतात. आणि एक आहे, ज्याची बायको मतदानाच्या आठवड्यात वारली, मग तो पडला आणि महिन्याभरात स्वतःही गेला. त्याला ते काही टोपणनाव देत नाहीत. नुसतं 'तो बिचारा' म्हणतात आणि विषय बदलतात.

एकदा वैतागून मी विचारलं, "साहेब, अमेरिकाच का? आपल्याकडे काय कमी माणसं पडतात?"

"पडतात ना बाप्पा, ढिगानं पडतात. पन लिहून कोन ठेवते? तिकडं चार मतं पडली तरी लिहून ठेवतेत. अन् पडलेला मानूस भाषन देते, लोक उभे राहून ऐकतेत. आपल्या इकडं पडलेल्याले माईक देते का कोनी?"

याच तत्त्वावर त्यांनी आमच्या क्रिकेटच्या सामन्यानंतर हरलेल्या कप्तानाला, म्हणजे आमचा पाकिस्तानी मेकॅनिक रशीद याला, पंपाच्या खोक्यावर उभं करून भाषण करायला लावलं. रशीद दोन वाक्यं बोलला आणि खाली उतरला. तेवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी वानखडेसाहेब त्याच्या खोलीवर गेले आणि चहा मागितला. तीन कप प्यायले.

हा दुसरा ताप. कोणी काही हरलं, की हे त्याच्या घरी चहाला हजर. मला स्टोअर इन्चार्जची जागा मिळायची होती, ती दुसऱ्याला मिळाली. त्या दिवशी मला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं, तर हे दारात. बसले ते दोन तास. चार कप चहा प्यायले, तीनदावाल्याची तिन्ही वेळची हकीकत सांगितली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून वर निघून गेले. माझ्या जखमेवर मीठ चोळायला हा माणूस मुद्दाम आला होता, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. बायकोला, नीताला, मी बजावलं होतं की यापुढे आपल्या घरी कोणी काही हरलं तर वर कळता कामा नये.

आणि मग आमची सई निवडणुकीला उभी राहिली.

सई बारावीत. शाळा शेजारच्या सहम गावात, बसने अर्धा तास. शाळेत दरवर्षी हेड गर्लची निवडणूक होते आणि सईच्या मनात ते भरलं. वर्गशिक्षिकेने फोन करून मला समजावलं, "दोन मुली आधीच उभ्या आहेत, दोघी लोकप्रिय. सईने नाव मागे घेतलं तर तिला हाऊस कॅप्टन करता येईल, मतदानाची भानगडच नाही." मला हे एकदम पटलं. मिळतंय ते पदरात पाडून घ्यावं, हा आमच्या घराण्याचा धर्म. शिवाय सई बुजरी. ती जिंकावी अशी माझी काही फार इच्छा नव्हती. ती पडू नये, एवढंच मला हवं होतं. कारण पडली की ती कशी होईल, हे मला माहीत होतं.

पण जिन्यात तिला वानखडेसाहेब भेटले.

"मुद्दा काय हाये तुहा?" त्यांनी विचारलं.

"काका, छोट्या मुलांच्या बसेस स्टॉप होतात ना, तिथे शेड नाहीये. के.जी.ची मुलं उन्हात उभी असतात. रडतात पण."

"मंग राह्य ना उभी! मोठ्या पक्षाजवळ पैसा असते, छोट्या पक्षाजवळ मुद्दा असते. तुह्याजवळ मुद्दा हाये."

मी वर जाऊन त्यांना स्पष्ट सांगितलं, "साहेब, तुमच्या वहीत पानं कोरी राहिलीत म्हणून माझ्या मुलीला पाडू नका." ते हसले. सईने नाव मागे घेतलं नाही.

पहिल्या मुलीने, रियाने, चॉकलेटं वाटली आणि गाण्यावर नाचतानाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. दुसरी, शेरीन नावाची मल्याळी मुलगी, शाळेत पहिली येणारी. आमच्या सईने पुठ्ठ्यावर शेडचं चित्र काढलं, त्याचे खांब वानखडेसाहेबांनी पट्टीने आखून दिले. गुरुवारी निकाल लागला. रिया भरघोस मतांनी निवडून आली, शेरीनला चौतीस मतं आणि सईला एकोणीस. अभ्यासू मुलांची सगळी मतं त्या शेरीनने खाल्ली, असं मी नीताला तीनदा सांगितलं.

संध्याकाळी रियाच्या वडिलांनी सहमच्या हॉटेलात पार्टी दिली. सईचा सगळा वर्ग गेला, तिची जिवाभावाची मैत्रीणसुद्धा गेली. तिचे रियाबरोबर केक कापतानाचे फोटो सईच्या फोनवर येत होते. सई दार लावून बसली. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारपासून शाळेत जाणार नाही, हे तिने आतूनच सांगितलं. नीता ताट घेऊन दाराशी उभी होती आणि मी काय करावं ते न सुचून एसीचं फिल्टर धूत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. कोण असणार ते मला ठाऊकच होतं. त्यांनी तोंड उघडून 'पडलं कोन' म्हटलं, की सरळ हाताला धरून जिन्यात नेऊन सोडायचं, असं मी ठरवून दार उघडलं.

त्यांनी विचारलं नाही. चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा मांडता का?"

माझा तोल गेलाच. "वही नाही आणलीत? लिहा की. सई सावंत, मतं एकोणीस."

"लिहाले नाही आलो, सावंत," ते म्हणाले. "चहा प्याले आलो."

पहिला कप त्यांनी संपवला. मग कपाकडेच बघत बोलायला लागले.

"माहा बाप ग्रामपंचायतीले उभा होता. शिलाईचं काम करे. आमच्या वस्तीतून त्याच्याआधी कोनी उभंच राह्यलं नव्हतं. पडला. थोडाथोडका नाही, अनामत गेली. पन त्याले वाटलं, पडलो तरी लोक येतीन दोन शब्द बोलाले. मायले सांगून मोठ्या पितळी गंजात चहा मांडला. हॉटेलातून चाळीस कपबशा आनल्या, अंगनात मांडून ठेवल्या. गावात जिंकलेल्याची मिरवनूक चालू. आमची वस्तीही तिकडंच. दिवेलागन झाली तरी एक मानूस आला नाही."

"तुम्ही होतात ना घरी?" नीताने विचारलं.

वानखडेसाहेबांनी चष्मा काढला. "मी दहावीत होतो, वहिनी. मी मिरवनुकीत होतो. नाचत होतो. पेढे वाटत होते ना."

एसीचं फिल्टर अजून माझ्या हातात होतं. ते कुठे ठेवावं ते मला कळेना.

"घरी आलो तं डोक्यापासून पायापर्यंत गुलाल. बाप कपबशांजवळ बसला होता. आपल्या दुपट्ट्यानं माहं तोंड पुसलं अन् म्हने, 'चहा घे, थंडा झाला.' मी सहा कप प्यालो त्या दिवशी. वकारी येईस्तोवर प्यालो. तरी गंज भरलेलाच."

हा माणूस माझ्या घरी चार कप पिऊन गेला होता आणि तो मला खिजवायला आला होता, असं मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी नीतावर ओरडलो की त्यांचा कप रिकामा आहे, दिसत नाही का.

सईच्या खोलीचं दार कधी उघडलं ते आम्हाला कळलं नाही. ती चौकटीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. वानखडेसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, पण ना तुरुंगवाला काढला, ना बाई. नुसती शेजारची खुर्ची ओढून दिली. ती बसली. त्यांच्याबरोबर तिने अर्धा कप चहा घेतला, जो ती एरवी तोंडाला लावत नाही.

मग म्हणाली, "काका, शेरीनकडे कोण गेलं असेल?"

तिने कप खाली ठेवला.

"ती पण हरली ना. तिची पण सगळी फ्रेंड्स तिकडेच आहेत, मी फोटोत बघितलं. बाबा, गाडी काढा."

गुरुवारची संध्याकाळ. रस्त्यावर ही गर्दी. शेरीन राहते सहमला, अर्धा तास. जायचं कोणाकडे, तर जिने आमची मतं खाल्ली तिच्याकडे, ओळख ना देख. हे सगळं मी बोलून दाखवणार होतो, पण वानखडेसाहेब चपला घालून जिन्यात पोचलेसुद्धा होते. "यल्ला, चला सावंत! काहून उभे राह्यले?"

शेरीनचं दार तिच्या वडिलांनी उघडलं. बनियनवर होते, कपाळाला आठ्या. दारात तीन परकी माणसं बघून त्यांचा चेहरा असा वैतागला की मला तो ताबडतोब ओळखीचा वाटला. तासाभरापूर्वी तो माझ्याच मानेवर होता. त्यांच्या मागे पॅसेजच्या टोकाला एक खोली बंद दिसत होती.

"भाईसाब," वानखडेसाहेब म्हणाले, "चाय मिलेगी क्या?"

ते गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. अर्बाब बघतो, अगदी तसेच. एरवी अशा वेळी मी दुसरीकडे बघतो.

"तीन कप," मी म्हणालो. "मेरी बेटी भी हारी है।"

ते बाजूला झाले. सई त्यांच्या बाजूने आत गेली आणि तिने त्या बंद दारावर टकटक केलं.