तेंबवाड्याचे खारे लोखंड

गोवा घटकराज्य झाल्यानंतर काही वर्षांनी सरकारच्या असे लक्षात आले की डिचोली तालुक्यात लोहखनिज आहे आणि पेडणे तालुक्यात ते नाही. ही गोष्ट निसर्गाने केलेली असली तरी तिची जबाबदारी शेवटी सरकारवरच येते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात रस्ते लाल, झाडे लाल, वाळत घातलेले कपडे लाल. आणि पेडण्यात जिकडे पाहावे तिकडे हिरवे. पेडण्याच्या जनतेने आणखी किती काळ स्वच्छ कपडे घालायचे, असा प्रश्न एका पुढाऱ्याने भर सभेत विचारला आणि सभा हेलावून गेली. त्यातून खनिज समतोल संचालनालय जन्माला आले. मी तिथे लेखनिक होतो. त्या काळी राजभाषा कोकणी होती, लोक अर्ज मराठीत करीत आणि त्यांना उत्तर इंग्रजीत जाई. त्यामुळे सभांचे इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला कार्यालयात बराच मान होता.

संचालनालयाचे काम सरळ होते. पेडण्यात खनिज आहे की नाही, हे आम्हाला शोधायचे नव्हते. ते आहे हे ठरावातच म्हटले होते. कुठे आहे, एवढेच पाहायचे होते. संचालक रघुनाथबाब यांनी नकाशावर बराच वेळ बोट फिरवले आणि ते कोरगावच्या बाजूच्या तेंबवाड्यावर टेकवले. तिथपर्यंत जीप जात होती.

तेंबवाडा म्हणजे एका डोंगराच्या पायथ्याची घरे. डोंगरावर काजू. डोंगराच्या पोटातून एक झर निघते, ती खालच्या पोफळीच्या बागा भिजवते आणि वाड्यातल्या प्रत्येक चुलीपर्यंत घागरीने पोहोचते. डोंगर शिवदासचा. त्याच्या बायकोचे नाव सुशीला; वाड्यात तिला सगळे काकी म्हणत. जमिनीत भोक पाडायचे आमचे यंत्र डोंगरावर चढले तेव्हापासून शिवदासचे जेवणात लक्ष लागेना. खनिज सापडले तर डोंगर जाणार, डोंगर गेला तर झर जाणार, आणि झर गेली तर वाडा राहून करणार काय, एवढा हिशेब त्याला कळत होता. त्याबद्दल आमच्याकडे कोणतीही तक्रार आलेली नव्हती.

भूगर्भतज्ज्ञ म्हणून आम्ही गौरेशला पाठवले. मुलगा डिचोलीकडचा, हुशार, पण खरे बोलायची खोड असलेला. बेळगावकडून आलेले कामगार दिवसभर जमिनीत भोक पाडत आणि यंत्र आतून दगडाचे दांडे ओढून काढी. हे दांडे ज्या खोलीतून आले त्या क्रमाने लाकडी पेटीच्या खणांत मांडायचे असतात. तेंबवाड्यात मांडायला फारसे काही निघेना. वरचा जांभा चिरा संपला की नुसती चिकणमाती, आणि तीही यंत्राच्या पाण्याबरोबर वाहून जाई. पेटीचे बहुतेक खण रिकामे.

संध्याकाळी शिवदास डोंगरावर जाऊन विचारी, "काय गावला?"

"माती," गौरेश सांगे.

"बरा झाला," शिवदास म्हणे आणि त्या रात्री पोटभर जेवी.

सुशीलाकाकीला मात्र या पोराची दया येई. एवढ्या लांबून आलेला, दिवसभर उन्हात उभा, आणि हाती काही नाही. डोंगर वाचावा असे तिला मनापासून वाटे, पण म्हणून पाहुण्याने तोंड पाडून बसावे हे काही बरे नव्हे. ती त्याला ओसरीवर बसवून पेज वाढी, सोबत खारातली कैरी. खारातल्या कैऱ्या कशा करतात हे इथे सांगणे कामकाजाच्या दृष्टीने आवश्यक आहे. बुयांवात, म्हणजे मोठ्या चिनी मातीच्या बरणीत, मिठाचे पाणी करतात, त्यात हिंग आणि मिरच्या घालतात आणि कैऱ्या बुडवतात. त्या वर तरंगल्या तर नासतात, म्हणून त्यांच्यावर जड दगड ठेवतात. काकीची मुलगी डिचोलीला दिलेली आणि जावई महादेव तिथे खनिजाच्या ट्रकवर चालक. सासूबाईंच्या बरण्यांसाठी त्याने तिकडचे चार चांगले दगड आणून दिले होते. ते मुठीएवढे असूनही असे भारी होते की कैरीची डोके वर काढायची हिंमत होत नसे.

मग शिगमो आला. पेडण्यात ढोलावर टिपरी पडली की माणूस असेल तिथून आपल्या गावच्या मांडावर, शिमगा खेळायच्या जागी, पोहोचतो; भूगर्भशास्त्र त्याला अडवू शकत नाही. गौरेशने पेट्या काकीच्या ओसरीवर रचल्या, टेंपो येईल तेव्हा द्यायला सांगितले आणि तो घरी गेला.

टेंपो आला. काकीने पेट्यांची झाकणे उघडून पाहिली आणि तिला कसेसेच झाले. तिच्या घरातून रिकामे भांडे आजवर कुणाकडे परत गेले नव्हते. शेजारणीची वाटी आली तर तिच्यात चार आमसुले, काही नसेल तर चिमूटभर मीठ, पण काहीतरी घालूनच ती परत जायची. आणि ही तर सरकारची पेटी. वर्षाची बरणी संपत आली होती, दगड धुवायला बाहेर काढून ठेवले होते. तिने ते उचलले आणि रिकाम्या खणांत नीट बसवले. बसले नाहीत ते शिवदासकडून फोडून घेतले. शिवदासही शिगम्याच्या गडबडीत होता. बायकोने दगड फोडायला सांगितला, त्याने फोडला. टेंपो गेला.

ही प्रथा सरकारी नियमांत कुठेही नमूद नाही, हे मला येथे स्पष्ट केले पाहिजे.

नमुने राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून जो अहवाल आला त्याने आमच्या कार्यालयातली दुपारची झोप उडवली. लोहाचे प्रमाण असे होते की डिचोलीने मान खाली घालावी. शिवाय त्यात भरपूर मीठ होते. तिखटपणा आणणारा एक घटक होता, आणि उग्र वासाचा आणखी एक होता जो कोणत्याही ज्ञात खाणीत आढळलेला नव्हता. नमुने गोल दांड्यांच्या आकाराचे का नाहीत, या शंकेचे निरसन रघुनाथबाबांनी तिथल्या तिथे केले. दगड यंत्राला जुमानत नाही, याचा अर्थ तो फार वरच्या दर्जाचा आहे.

"आणि हे मीठ?" मी विचारले.

"परशुरामाने बाण मारला तेव्हा समुद्र मागे हटला," ते म्हणाले, "पण मीठ न्यायला विसरला. विज्ञानाने आज ते सिद्ध केले, एवढेच."

खनिजाचे नाव 'तेंबाइट' ठेवण्यात आले. त्यावर एक परिसंवाद झाला. जहाजबांधणीसाठी हे लोखंड सर्वोत्तम, कारण ते मुळातच खारे असल्यामुळे समुद्राला बुजणार नाही, असे मत एका विद्वानाने मांडले आणि चहा आला.

गौरेशने अहवाल वाचला, त्याच्यासोबत परत आलेल्या दगडांचा वास घेतला आणि सरळ तेंबवाडा गाठला.

"काकी, पेटीत हात घातललंस?"

"घातलंय. रिकामी पेटी घरातसून धाडतत काय रे? तू हंय पोरासारखो रवलंस, जेवलंस."

"पण दगड कित्याक?"

"दगडाच्या पेटीत दगडच घालतलंय! लाडू घालूचे होते?"

मग त्याने तिला अहवाल समजावून सांगितला. काकीने आतून बुयांव आणून ओसरीच्या पायरीवर ठेवले. शिवदासने सकाळची पहिली बस कितीला आहे ते विचारले.

दुसऱ्या दिवशी तिघे आमच्या कार्यालयात हजर झाले. काकीच्या कडेवर बुयांव होते.

"साहेबानू, चूक माझी असा," तिने टेबलावर बरणी ठेवून सांगितले. "ते दगड आमच्या डोंगराचे नाय. ह्या बरणीतले. माझ्या जावयान डिचोलेसून हाडलेले. वास घेवन बघा."

रघुनाथबाबांनी वास घेतला. एक कैरी उरली होती ती त्यांनी चाखून पाहिली आणि डोळे मिटले. "उत्तम," ते म्हणाले. "पण बाई, अहवालावर माझी सही झाली आहे."

"मग दुसरी सही करा."

"दुसरी सही केली तर पहिली कुणाची?"

गौरेश मध्ये पडला. "सर, परत एकदा बोअर मारून बघूया. एका दिवसाचे काम."

"मारला आणि खनिज सापडले तर?"

"तर प्रश्नच मिटला."

"म्हणजे मारण्याची गरज नव्हती. आणि सापडले नाही तर?"

"तर पहिला अहवाल चुकीचा."

"संचालनालयाचा अहवाल चुकीचा असू शकत नाही. म्हणजे बोअर चुकीच्या जागी मारला असे होईल. मग चुकीच्या जागी बोअर कशाला मारायचा?" रघुनाथबाबांनी रुमालाने बोटे पुसली. "शिवाय, बाई, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. दगड तुमचे होते असे तुम्ही म्हणता. म्हणजे तुमच्या घरात विनापरवाना खनिजसाठा होता. मी हे ऐकले नाही असे समजतो. मी तुमच्या कैरीचे मीठ खाल्ले आहे."

गौरेशची बदली त्याच आठवड्यात नकाशांच्या कोठारात झाली. जावई महादेव याला साक्षीसाठी विचारले असता, सासूबाईंच्या बरणीत काय असते ते आपण कधी पाहिले नाही, असे त्याने सांगितले. तेंबवाड्याच्या खाणीवर पहिला ट्रक त्याचा लागेल, असे पंचायतीतले पंच कृष्णनाथ यांनी त्याला कबूल केले होते. कृष्णनाथ स्वतःही ट्रक घेऊन बसले होते. वाड्यातल्या आणखी काहींनी ट्रकला नावे ठरवून ठेवली होती, आणि ती सगळी देवांची होती. झर गेली तर टँकर येईल, असे ते एकमेकांना सांगत. टँकर कोणाचा, यावर मात्र त्यांच्यात वाद होता.

पुढचे काम माझ्याकडे आले. खाणीच्या भाषेत खनिजाच्या वर जे जे काही असेल त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. मी त्याचे मराठी 'वरचा बोजा' असे केले आणि नकाशा भरायला तेंबवाड्यात गेलो. काजू: वरचा बोजा. पोफळी: वरचा बोजा. शिवदासचे घर, गोठा, तुळस: वरचा बोजा. झरीपाशी मी जरा अडलो, कारण पाणी वर नव्हते, आतून येत होते. उन्हात फिरून घसा कोरडा पडला होता, म्हणून ओंजळ भरून प्यालो. पाणी थंड आणि गोड होते, इतके गोड की क्षणभर पेन्सिल कुठे ठेवली ते आठवेना. मला वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. मग मी 'कामात अडथळा आणणारे पाणी' असा नवा रकाना पाडला.

शेवटी कायद्याप्रमाणे जनसुनावणी झाली. शाळेच्या सभागृहात बाके मांडली होती, मागे चहा आणि भजी. ज्यांचे काही म्हणणे असेल त्यांनी पुढे यावे, असे सांगताच सुशीलाकाकी उठली. तिने काही लपवले नाही. शिगमो, टेंपो, रिकामी पेटी, बरणीचे दगड, सगळे तिने जसे घडले तसे सांगितले. लाडू घालायचे होते काय, इथवर ती आली आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसले. मग पुढच्या बाकावर. कृष्णनाथ हसले, महादेव हसला, बंदोबस्ताला आलेला शिपाई टोपी काढून हसला. समुद्र मीठ न्यायला विसरला, हे एव्हाना गावभर झालेले वाक्य तिने रघुनाथबाबांच्याच आवाजात सांगितले, तेव्हा खुद्द रघुनाथबाबांना डोळे पुसावे लागले. शिवदाससुद्धा, ज्याचा डोंगर जायचा होता तो, हसू आवरता न आल्याने खाली बघू लागला.

"हसतास काय?" काकी ओरडली. "माझो डोंगर जाता हा! झर गेली तर पेज कशात शिजयतलास, डिझेलात?"

यावर तर छप्पर उडायची पाळी आली.

मी लिहीत होतो. नियमाप्रमाणे इतिवृत्तात सभेची प्रतिक्रिया नोंदवावी लागते, आणि हसण्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. मी लिहिले: 'उपस्थितांनी प्रकल्पाबद्दल उत्स्फूर्त आनंद व्यक्त केला. एक महिला तटस्थ राहिली.' रघुनाथबाबांनी त्याखाली सही केली. झर बुजवण्याचे काम येत्या सोमवारी सुरू होईल.

हे इतिवृत्त आता आपल्यासमोर आहे. हरकत घेण्याची मुदत ते वाचून संपेपर्यंत असते, म्हणजे या ओळीपर्यंत. वाचताना आपण मध्ये कुठे हसला असाल, तर वेगळे काही कळवायची गरज नाही. आपले नाव आनंद व्यक्त करणाऱ्यांत धरले आहे.