कंडोन शब्दावरील स्वारी

श्री. सकळगुणमंडित, इंजिनाचे मुखीं कोळसा घालणारे, अखंडप्रतापी राजश्री पुंजाराम, वस्ती कसबें जालना, यांणीं एका इंग्रजी शब्दावर स्वारी करून तो कैसा सर केला, तें वर्तमान लिहून ठेवावें ऐशी आज्ञा कोणीही केली नाहीं. परंतु न लिहावें तर पुढील पिढ्या अडाणी राहतील, सबब लेखणी उचलली.

फसली सन तेराशें त्रेचाळीस, माहे बहमन. जालन्याचे जिनिंग कारखान्यांत, जेथें राजश्री चाकरीस होते, कापसाचा हंगाम भरास आला होता, आणि ऐशांत टेंभुर्णीस कुस्त्यांचा फड लागल्याची खबर आली. राजश्रींनीं जन्मांत लंगोट कसला नव्हता, परंतु पाहण्याचा षोक दांडगा, त्यामुळें बाहू स्फुरूं लागले. मग त्यांणीं दोन ठिकाणीं दोन निरोप रवाना केले. कारखान्यास कळविलें कीं कुटुंब तापानें फणफणलें आहे, आणि कुटुंबास कळविलें कीं कारखान्यानें पांच रोज तेथेंच मुक्कामास ठेवलें आहे. ऐसा दोहींकडे बंदोबस्त करून स्वारी टेंभुर्णीस गेली, पांच रोज कुस्त्या पाहिल्या, आणि माघारी येऊन उंबऱ्यांत पाऊल टाकितात तों कारखान्याचे गोऱ्या साहेबाचा लखोटा हातीं आला. कागद इंग्रजी.

मुलूख संस्थानी, दरबारचा सर्व कारभार उर्दूंत, इंग्रजी जाणणारा विरळा. सबब राजश्री थेट अमरचंद शेठांचे पेढीवर गेले. हे शेठ मूळचे मारवाडचे, तीन पिढ्या जालन्यांत मुरलेले, आणि रुईच्या भावाच्या तारा वाचून वाचून इंग्रजीचे सरदार म्हणवीत. त्यांणीं कागद उजेडास धरून सांगितलें कीं, तुझी पांच रोजांची गैरहजेरी साहेबानें कंडोन केली आहे. कंडोन म्हणजे काय हें शेठांस ठाऊक नव्हतें. परंतु गादीवर बसून 'ठाऊक नाहीं' म्हणण्याचा त्यांचे घराण्यांत रिवाज नव्हता. त्यांणीं निवाडा दिला कीं, शुभ वर्तमान तारेंत नेहमी आंखूड शब्दांनीं येतें. ज्यानें एवढा जड शब्द घातला त्याचे पोटांत कांहीं बरें नाहीं. नोकरी जाईल ती जाईल, परंतु गैरहजेरीची गोष्ट कुटुंबाचे, म्हणजे सगुणाबाईंचे, कानीं पडली तर काय, या विचारानें थंडीच्या दिवसांत पुंजारामांस दरदरून घाम सुटला.

मग दरकूच अंबडास. तेथील कोर्टांत काकासाहेब वकील, फारसीउर्दूंत मोठे मातबर. त्यांणीं शब्द तीनदां उच्चारिला, सुपारी कातरली, आणि फर्माविलें कीं शब्द संशयित आहे. अर्थ पक्का होईतों कारखान्याचे फाटकांत पाऊल घालूं नये, घातल्यास गुन्हा कबूल केला ऐसें होईल. झालें. राजश्रींनीं पागोटें काढून खुंटीस अडकविलें आणि घरींच तळ दिला. नऊ रोज लोटले, शब्द हटेना आणि राजश्रीही हलेनात. सगुणाबाईंस इतकेंच सांगितलें कीं, “साहेबाचा कागद आल्ता. मतलब लागून नाही राह्यला. लागला की जातो.”

दहावे रोजीं बाईंनीं सुपांतली ज्वारी बाजूस ठेविली. “ज्यानं लिव्हलं त्याला इचारा की हो,” त्या म्हणाल्या. “साऱ्या मुलखाला काय इचारून राह्यले?”

ऐशी मसलत ना शेठांस सुचली, ना वकिलास. राजश्रींनीं पोटदुखीचें निमित्त काढून पाहिलें, तें चाललें नाहीं. बाई कागद घेऊन पुढें आणि राजश्री मागें, ऐसे उभयतां फाटकापाशीं दाखल झाले. साहेब इंजिनाकडून आला, हात वंगणानें काळे. बाईंनीं कागद पुढें करून याचा मतलब काय म्हणोन पुसलें. साहेबानें डोकें खाजविलें आणि मोडक्या हिंदुस्थानींत सांगितलें, “गलती देखा. छोड दिया.” म्हणजे कसूर ही कसूरच, ती कांहीं पुसली जात नाहीं, परंतु पाहून कानाडोळा केला, ऐसा त्या शब्दाचा मतलब. पुंजारामांचा जीव भांड्यांत पडला.

तों साहेब बाईंकडे वळला आणि त्यानें पुसलें, “तुम्हारा बुखार अच्छा हुआ?”

आतां धरणी दुभंगावी आणि आपणांस पोटांत घ्यावें, ऐसें राजश्रींस वाटलें. बाईंनीं त्यांचेकडे वळूनही पाहिलें नाहीं. पदर सांवरला, आवाज खोल नेला आणि बोलल्या, “उतरला साहेब. मंग परत उलटला व्हता, म्हणून हे नऊ दिस घरी राह्यले. आता बिलकुल बरी हाये मी.”

साहेबानें मान डोलाविली आणि ते नऊ रोजही कंडोन करून उद्यां पहांटे हजर होण्याचा हुकूम दिला.

वाटेनें सगुणाबाई चालतां चालतां म्हणाल्या, “कोळशाच्या कामावरून आल्ते, अन् धोतराला फडाची लाल माती व्हती. म्याच धुतलं ते.” मग पुसलें, “शेवटची कुस्ती कोनी मारली?”

पुंजारामांनीं खालीं मान घालून पैलवानाचें नांव सांगितलें.

येणेंप्रमाणें कंडोन हा शब्द अर्थासह आणि वापरासह सर झाला. फत्ते कोणाचे नांवें मांडावी हें जाणत्यांनीं ठरवावें. राजश्री मात्र त्या दिवसापासून आपलें धोतर आपण धुवूं लागले.